नाइकी फँटम लुना: मिडफिल्डर मुलीच्या पायात हा बूट कितपत चालतो?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मऊ, थोडं ओलसर, नीट राखलेलं गवत मिळत असेल आणि मुलगी मधल्या फळीत खेळत असेल, तर फँटम लुना हा आजवरच्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या फुटबॉल बुटांपैकी एक आहे. मैदान मुरमाड, कडक, उघडं पडलेलं असेल तर हा बूट घेऊ नका; पैसे जातील आणि पायही दुखेल. कृत्रिम गवतावर याची नेहमीची एफजी, म्हणजे नैसर्गिक गवतासाठीची आवृत्ती वापरायची नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात खेळणाऱ्या बहुतेक मुलींना मधला किंवा शेवटचा प्रकारच वाट्याला येतो, म्हणून पुढचं सगळं सविस्तर.

नाइकीने हा बूट २०२३ च्या महिला विश्वचषकाच्या तोंडावर आणला. तोवर मोठ्या कंपन्यांचे बहुतेक ‘मुलींचे’ बूट म्हणजे पुरुषांच्या साच्यातले लहान नंबर आणि वर वेगळा रंग. लुनामध्ये साचा, सोल आणि घोट्याभोवतीची कॉलर अशा तिन्ही गोष्टी महिला खेळाडू समोर ठेवून आखल्या आहेत. यातली सोल सगळ्यात महत्त्वाची, आणि मिडफिल्डरसाठी तर तीच निर्णायक.

विंगरला सरळ रेषेत सुसाट सुटायचं असतं. स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू, बराच वेळ खेळाकडे तोंड करून उभी असते. मिडफिल्डरला चेंडू बहुतेक वेळा पाठमोरा मिळतो. चेंडू येईपर्यंत दोनदा खांद्यावरून मागे बघायचं, अंग अर्धं वळवून ठेवायचं, पहिल्या स्पर्शातच चेंडू मोकळ्या बाजूला काढायचा आणि त्याच पावलात वळायचं. स्पेनची मिडफिल्डर आयताना बोनमती हिचा कुठलाही सामना लावा आणि चेंडूऐवजी तिच्या टेकलेल्या पायाकडे बघा. शरीर वळतं, तो पाय चवड्यावर फिरतो, टाच जेमतेम उचललेली असते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवणाऱ्या खेळाडूचं अर्धं कौशल्य त्या चवड्यात आहे, असं आमचं मत. वरच्या पातळीवर मधल्या फळीतली खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावते आणि त्या धावण्यात अशी वळणं पेरलेली असतात.

अडचण येते ती त्याच क्षणी. पाय वळायला हवा आणि स्टड, म्हणजे सोलखालचे खुंट, जमिनीत रुतून बसले, तर मांडी आणि धड फिरतं, पाऊल जागेवरच राहतं आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा आडवा अस्थिबंध, फाटण्याच्या अनेक घटना कुणाचाही धक्का न लागता अशाच घडतात. महिला खेळाडूंमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट, काही अभ्यासांत त्याहून बरंच जास्त आढळलं आहे. अलेक्सिया पुतेयास ५ जुलै २०२२ रोजी, युरो स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, सरावात याच दुखापतीने बाहेर गेली. तेव्हा ती जगातली सर्वोत्तम मिडफिल्डर मानली जात होती. ती मैदानावर परतली एप्रिल २०२३ च्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांनी. आर्सेनलच्या महिला संघात तर २०२२-२३ च्या एकाच मोसमात बेथ मीड, विवियाने मिडेमा, लिया विल्यमसन आणि लॉरा वीनरॉयदर अशा चौघींचे एसीएल गेले. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या खेळाडूचं आख्खं वर्ष हातचं जातं. करारही बहुधा दोन-तीन वर्षांचेच असतात. कारकीर्द म्हणून मोजलं तर हे नुकसान फार मोठं आहे.

लुनाची सोल उलटी धरून बघा. चवड्याखाली स्टड गोलाकार मांडलेले दिसतील, जणू जमिनीवर एक वर्तुळ काढून त्याच्या कडेने बसवले आहेत. या रचनेला कंपनी सायक्लोन ३६० म्हणते. यामागचं तत्त्व साधं आहे. पाऊल चवड्याच्या मध्याभोवती फिरतं तेव्हा वर्तुळाच्या कडेवरचा प्रत्येक स्टड त्याच वर्तुळावरून पुढे सरकतो. त्याची पातळ बाजू फिरण्याच्या दिशेला असते, त्यामुळे तो माती कापत जातो. बाणाच्या टोकासारखे किंवा पात्यासारखे स्टड असलेल्या वेगाच्या बुटात तसं होत नाही. तिथे पाऊल फिरताना पात्याची रुंद बाजू मातीला अडते, कारण ती पाती पुढे ढकलायला आणि एकदम थांबायला केलेली असतात. त्या कामात ती लुनापेक्षा सरस आहेत, आणि बाजूने पळणाऱ्या मुलीने लुनाच घ्यावा असं आम्ही म्हणणार नाही. मधल्या फळीत मात्र सरळ रेषेतली थोडी पकड सोडून फिरण्याची मोकळीक घेणं हा फायद्याचा सौदा आहे.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कुठलाही बूट एसीएल वाचवत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, थकवा, मैदान, सामन्यांची गर्दी, मागची दुखापत, या सगळ्यांत बूट हा एक घटक. दुकानदार किंवा जाहिरात ‘गुडघा सुरक्षित’ असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा खात्रीची गोष्ट फुकट मिळते: ‘फिफा ११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप. आधी हळू धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगाने धावून दिशा बदलणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, जे संघ हा वॉर्मअप करत होते त्यांच्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. आठवड्यातून किमान दोनदा हा वॉर्मअप न करणाऱ्या मुलीला वीस हजारांचा बूट घेऊन देण्यात अर्थ नाही.

आता टाच. युरोपियन क्लब असोसिएशनच्या २०२३ च्या पाहणीत व्यावसायिक महिला खेळाडूंपैकी ८२ टक्के जणींनी बुटामुळे त्रास होत असल्याचं सांगितलं, आणि टाचेची तक्रार त्यात ठळक होती. कारण उघड आहे. सारख्याच लांबीची पावलं घेतली तर बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते आणि कमान बहुधा उंच असते. पुरुषी साच्यात चवडा नीट बसेल असा नंबर घेतला की टाच आत हलते. टाचेला घट्ट बसेल असा घेतला की करंगळी चेपते. मग मुली काय करतात? अर्धा नंबर लहान घेतात, लेस करकचून बांधतात, दोन मोजे चढवतात. दोन मोज्यांनी टाचेचे फोड थांबत नाहीत, उलट कापडावर कापड घासून जास्त येतात.

लुनामध्ये टाचेची वाटी अरुंद आणि पुढचा भाग त्या मानाने मोकळा आहे. पायात घालून चवड्यावर दहा-बारा वेळा वर-खाली झालं की फरक कळतो, टाच बुटाबरोबरच उचलली जाते. पाऊल एकंदरीतच रुंद असेल तर मात्र विणलेलं कापड दोन्ही बाजूंनी आवळतं, आणि ते पुढे सैल होईल या आशेवर घेऊ नये. चामडं पसरतं, हे विणकाम फारसं पसरत नाही.

मापाचा घोळ इथेच सर्वांत जास्त होतो, म्हणून नीट मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. सामन्यात घालायचे तेच मोजे घाला. भिंतीला लावून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. हे बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळ मुलींचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं माप धरा. त्यात सुमारे पाच मिलिमीटर मिळवा. वाढत्या वयाच्या मुलीसाठी आणखी दोन-तीन, त्याहून जास्त नको. ‘पुढच्या वर्षी पण होईल’ म्हणून एक पूर्ण नंबर मोठा घेतलेला बूट वळताना पावलाआधी स्वतः वळतो. मग खोक्यावरचा यूके, युरो किंवा अमेरिकी नंबर बाजूला ठेवून लेबलवर सेंटिमीटरचा आकडा बघा. यूके ५ हा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. अमेरिकी नंबर असेल तर महिलांचा आणि पुरुषांचा यात नाइकीकडे दीड नंबराचा फरक असतो, म्हणजे महिलांचा ८ तो पुरुषांचा साडेसहा. ऑनलाइन मागवलेले बूट परत पाठवावे लागतात त्यातले कितीतरी या एका गोंधळापायी.

पायात घातल्यावर तीन तपासण्या करा. बोटापुढे तीन ते पाच मिलिमीटर जागा आहे ना, ते अंगठ्याने दाबून बघा. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याच्या सांध्याजवळ वाकला पाहिजे, मधोमध कमानीपाशी वाकत असेल तर ठेवून द्या. तिसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. कडक फरशीवर, आतला इनसोल काढून, मोज्यावर बूट घाला आणि चवड्यावर भार द्या. अंगठ्याच्या मुळाशी एखादा स्टड टोचल्यासारखा जाणवला, तर कडक मैदानावर तासाभरात तिथे दुखणार हे नक्की. अंगठ्याखाली दोन बारीक हाडं असतात. मिडफिल्डर सतत त्यावरच फिरत असल्यामुळे तिथे सूज आली की ती बरी व्हायला आठवडे लागतात.

कॉलरबद्दल थोडक्यात. घोट्याभोवतीची विणलेली कडा दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची नाही. घालताना जरा ओढाताण होते, पण एकदा बसली की हालचाल अडत नाही. ती घोट्याला आधार देत नाही, तसा तिचा हेतूही नाही. आधी घोटा मुरगळलेला असेल तर टेप किंवा ब्रेस लागणारच. पातळ ब्रेस या कॉलरखाली मावतो, जाड मावत नाही.

वरचं कापड ग्रिपनिट नावाचं आहे: चिकटसर विणकाम, कोरड्यात आणि ओल्यात चेंडूवर सारखी पकड मिळावी म्हणून. पहिल्या काही सरावांत चेंडू अपेक्षेपेक्षा लवकर थांबतो, विशेषतः बाहेरच्या बाजूने घेतलेला. दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारीला हे आवडेल. सहा नंबरला, बचावासमोर उभं राहून एका स्पर्शात चेंडू पुढे सरकवणारीला, दोन-तीन आठवडे अंदाज बदलावा लागेल. इंग्लंडच्या किरा वॉल्शसारख्या खेळाडूचा सगळा खेळ अशा वेळेवर सुटणाऱ्या पासवर उभा असतो, आणि तिथे स्पर्श किंचित जड झाला तरी लय मोडते. पावसात मात्र ही पकड कुणालाही उपयोगी. याचा तोटा म्हणजे पातळपणा. कुणी पायावर पाय दिला तर चामड्याच्या बुटापेक्षा जास्त लागतं, आणि मधल्या फळीत ते दर सामन्यात होतं.

आता मैदान, कारण आपल्याकडे निकाल तिथेच लागतो. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ साली महिला आशियाई चषकाचा आणि मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तसलं गवत असेल तर एफजी सोल बिनधास्त वापरा. पण कोल्हापुरात तालमीच्या संघांना मार्च-एप्रिलमध्ये जे मैदान मिळतं, किंवा शाळेच्या मुरमाड पटांगणावर जो सराव चालतो, तिथे जमीन स्टडला आत येऊच देत नाही. मग सगळं वजन दहा-बारा टोकांवर पेललं जातं. टाचेखालचं दुखणं, नडगीच्या पुढच्या कडेचं दुखणं आणि चवड्याची जळजळ या तिन्ही तक्रारींचं मूळ अनेकदा हेच असतं. गोलाकार स्टडची सगळी करामतही इथे फुकट जाते. कापायला माती मऊ असेल तरच ती चालते. अशा जमिनीवर टीएफ, म्हणजे खाली बारीक रबरी गाठींचा बूट घाला. दिसायला साधा, किंमत दीड-दोन हजारांपासून, आणि पाय वाचतो.

मुंबईचं कुपरेज किंवा म्हापशाचं धुळेर यांसारख्या कृत्रिम गवताच्या मैदानांवर उलटी अडचण. तिथे स्टड आत जातो आणि रबरी दाणे व धागे त्याला धरून ठेवतात. लांब एफजी स्टड इथे सर्वांत जास्त अडकतो, म्हणजे ज्या पिळापासून पळायचं तोच वाढतो. शिवाय उन्हात ही जमीन नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, सोलचा गोंद सैल होतो आणि चवड्याच्या वाकण्यापाशी सोल सुटायला लागते. एफजी बूट कृत्रिम गवतावर वापरल्याचं दिसलं की बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. अशा मैदानावर एजी सोल हवी: स्टड आखूड, संख्येने जास्त, बहुधा आतून पोकळ आणि गोल. ती मिळत नसेल तर टीएफ चालेल, पण मैदान भिजलेलं असताना टीएफ घसरतो हे लक्षात असू द्या.

जून ते सप्टेंबर कोकणात आणि गोव्यात लाल चिखल असतो. लुनाचे स्टड एकमेकांना खेटून नसल्याने चिखल त्यांच्यामध्ये फारसा भरत नाही, पण विणकामात लाल माती अशी मुरते की मूळ रंग पुन्हा दिसत नाही. रंग गेला तर गेला. मातीचे बारीक कण धाग्यांत राहिले की चिकटपणा कमी होतो, खरी हानी ती. सरावानंतर लगेच, माती ओली असतानाच, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने झाडा. साबण लावायचाच तर अगदी थोडा आणि सौम्य. लेस आणि इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, पंख्याखाली वाळवा. कडक ऊन, हेअर ड्रायर, फ्रिजच्या मागची गरम जागा, स्कूटरची डिकी यातलं काहीही नको. वॉशिंग मशीन तर अजिबात नको.

नवा बूट गरम पाण्यात बुडवून पायात वाळवायची मैदानावरची जुनी युक्ती चामड्यासाठी होती. विणलेल्या बुटात तिने फक्त गोंद सैल होतो. त्याऐवजी पहिल्या दिवशी वीस-तीस मिनिटं चेंडूचं हलकं काम, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाऊण तासाचा सराव, मग अर्धा सामना. टाचेला लाली दिसली की तिथे आधीच टेप लावा, फोड यायची वाट बघू नका. टाच तरीही हलत असेल तर बुटाला असलेलं सर्वांत वरचं भोक वापरा: लेस बाहेरून त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून लहान फास करा, दुसऱ्या बाजूलाही तसंच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून काढून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच मागे बसते आणि पावलाच्या माथ्यावर दाब वाढत नाही. माथ्यावर मुंग्या येत असतील तर मधल्या भोकांची लेस सैल करा, वरची नव्हे.

पर्याय आहेत का? आयडा स्पोर्ट्स ही लहान कंपनी फक्त महिला खेळाडूंसाठी बूट करते. तिच्या संस्थापकांपैकी लॉरा यंगसन २०१७ साली किलिमांजारोवर साडेपाच हजार मीटरहून जास्त उंचीवर महिलांचा विक्रमी सामना भरवणाऱ्यांपैकी एक होत्या. त्यांच्या बुटात अरुंद टाच, मोकळी बोटं, कमानीला आधार आणि आखूड स्टड असतात. पाऊल रुंद असेल किंवा लुना करंगळीला आवळत असेल तर आधी आयडा बघावा, हे आमचं स्पष्ट मत. पकड आणि स्पर्शात लुना पुढे आहे, दिवसभराच्या आरामात आयडा. नाइकीने लुनाची गोलाकार सोल २०२५ च्या फँटम ६ मध्येही घेतली, त्यामुळे लुना मिळाला नाही तर तो घालून बघा. साचा तोच असेल असं गृहीत मात्र धरू नका, टाचेची तपासणी पहिल्यापासून करा.

पैशांचं गणित टाळून चालणार नाही. वरच्या श्रेणीचा बूट आपल्याकडे वीस हजारांच्या घरात जातो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन विमेन्स लीगच्या क्लबांसाठी करारबद्ध भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपये देण्याची अट २०२३ मध्ये जाहीर केली. म्हणजे किमान करारावरच्या खेळाडूचे तीन आठवड्यांहून थोडे जास्तच पैसे एका जोडात गेले. आणि व्यावसायिक खेळाडूला एक जोड पुरत नाही. आठवड्याला चार-पाच सराव आणि सामना धरला तर वर्षाला दोन जोड सहज संपतात. मिडफिल्डर संगीता बासफोरने ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माईत थायलंडविरुद्ध दोन्ही गोल करून भारताला २-१ ने जिंकून दिलं आणि संघ पात्रता फेरीतून २०२६ च्या आशियाई चषकात पोचला. त्या सामन्यानंतर मधल्या फळीत खेळायची स्वप्नं बघणाऱ्या मुली वाढल्या असतील तर फार चांगलं. त्यांच्या घरच्यांनी पैसे या क्रमाने खर्च करावेत: आधी मैदानाला योग्य सोल, मग टाच धरणारा साचा, मग चांगले मोजे आणि नडगीचे गार्ड, आणि सर्वांत शेवटी कापडाची श्रेणी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला टीएफचा एक जोड पुरे. राज्य पातळीवर खेळू लागली आणि गवताची मैदानं मिळू लागली की मधल्या किमतीचा एफजी किंवा एजी जोड घ्या, टीएफ सरावाला राहू द्या. पाऊल वाढायचं थांबल्याशिवाय लुनाची वरची श्रेणी घेऊ नका. सहा महिन्यांत तोकडा पडणारा बूट कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलींसाठी गणित वेगळं. तिथे दुकानात घालून बघता येतं आणि मोसम संपताना मागच्या रंगाचे जोड निम्म्या किमतीतही मिळतात. पण क्लबचा सराव कृत्रिम गवतावर आणि सामने कधी नैसर्गिक, कधी कृत्रिम, असं असतं. तिथे एजीचा एक आणि एफजीचा एक असे दोन मधल्या किमतीचे जोड हे वरच्या श्रेणीच्या एका जोडापेक्षा शहाणपणाचे.

बूट कधी टाकायचा, हे सोल बघून ठरवा. उजव्या पायाने खेळणाऱ्या मिडफिल्डरचा डावा बूट आधी झिजतो, कारण टेकून फिरायचा पाय तो. चवड्याखालचे आतले स्टड मूळ उंचीच्या दोन तृतीयांश उरले, किंवा त्यांच्या कडा धारदार झाल्या, की जोड बदला. धारदार कडा दुसरीच्या नडगीलाही कापते आणि पंच सामन्याआधी अडवू शकतात. टाचेच्या वाटीतलं अस्तर फाटून आतलं कडक प्लास्टिक हाताला लागत असेल तर स्टड शिल्लक असले तरी तो बूट फोडच देणार. सोल पुढून अर्धा सेंटिमीटर सुटली असेल आणि कापड शाबूत असेल, तर चांगला मोची लवचिक गोंद लावून, रात्रभर दाबून ठेवून, कडेने शिवून देतो. झटपट सुकणारा कडक गोंद वापरू नका, तो वाकण्यापाशी तडकतो. जुना लुना विकत घेत असाल तर फोटोत डाव्या सोलचा पुढचा भाग आणि दोन्ही टाचांचं अस्तर हे दोन फोटो आधी मागा. विकणारा ते देत नसेल तर जोड घेऊ नका.